त्रागा म्हणजे नेमकं काय? राग, थयथयाट आणि गुजराती ‘त्रागुं’

नाशिकहून लग्न होऊन बडोद्याला आलेल्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे. तिचे बँकेचे कागद चौथ्यांदा परत आले. संध्याकाळी घरी येऊन तिने फाइल सोफ्यावर भिरकावली, ‘मला जेवायचं नाही’ म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली. सासूबाई दाराशी येऊन म्हणाल्या, ‘अगं, एवढा त्रागा कशाला करून घेतेस?’ तो शब्द तिला लागला. तिच्या माहेरी हा शब्द आरडाओरडा करणाऱ्यासाठी वापरतात, आणि ती तर ओरडलीही नव्हती. नवरा म्हणतो, साधा शब्द आहे, मनावर घेऊ नकोस. ऑफिसातली गुजराती मैत्रीण म्हणाली, आमच्यात ‘त्रागुं’ म्हणजे जीव द्यायची धमकी. तर खरा अर्थ कोणता आणि लिहिताना तो कुठे वापरावा, असं तिला हवं आहे.

मी बडोद्यात गेली ३२ वर्षं मराठी-गुजराती भाषांतराचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं जुने मोडी कागद वाचून देण्यात गेली, नंतर कोर्टाचे, शाळांचे, दवाखान्यांचे कागद आले. रागाचे शब्द या कामात सतत समोर येतात. त्यांत ‘त्रागा’ या शब्दापाशी मी जितकी थांबले तितकी दुसऱ्या कुठल्याच शब्दापाशी थांबले नसेन. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी थेट उत्तर देते. त्रागा आवाजावरून ओळखायचा नसतो, दिशेवरून ओळखायचा असतो. राग आलेला असतो दुसऱ्याचा, पण भोगायला लावतो आपण आपल्याच जिवाला, आणि तेही आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. जेवण सोडणं, डोकं आपटून घेणं, केलेलं काम स्वतःच मोडून टाकणं, ‘मी मेले तरी कोणाला काय’ असं म्हणणं, हा सगळा त्रागा. ओरडून केला तरी त्रागा आणि अवाक्षर न काढता केला तरी त्रागाच. बँकेने चूक केली आणि उपाशी तुम्ही राहिलात. सासूबाईंनी वापरलेला शब्द अर्थाच्या दृष्टीने अगदी नेमका होता. तो लागावा असा होता का, हे पुढे पाहू.

याचा पुरावा कोशात शोधण्याआधी आपल्याच बोलण्यात शोधा. आपण ‘मला राग आला’ म्हणतो. चीड येते, वैताग येतो, संताप होतो. या भावना आहेत, त्या आपल्याकडे चालून येतात. ‘मला त्रागा आला’ असं मात्र कोणी म्हणत नाही. त्रागा करतात, जसा थयथयाट करतात, आदळआपट करतात. म्हणजे हा मनातल्या रागाचा शब्द नाही, रागाने आपण काय करतो त्याचा शब्द आहे.

आता ‘वर’ हा प्रत्यय घ्या. तो माझ्यावर रागावला, माझ्यावर डाफरला, माझ्यावर त्याने आगपाखड केली. राग कोणाच्या अंगावर जातो ते या ‘वर’ने कळतं. ‘त्याने माझ्यावर त्रागा केला’ हे वाक्य जुन्या कानाला खटकतं. हल्ली कधीकधी छापलेलंही दिसतं, पण माझ्या हाती आलं तर मी ते दुरुस्त करते. त्रागा कशावरून तरी होतो, कशापायी तरी होतो, कोणावर होत नाही.

आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे ‘करून घेणे’. त्रागा करून घेऊ नकोस. या जागी मराठीत आणखी काय काय बसतं ते आठवून पाहा: त्रास करून घेणे, नुकसान करून घेणे, हसं करून घेणे, जिवाचे हाल करून घेणे. सगळे स्वतःचा तोटा सांगणारे. ‘आगपाखड करून घेऊ नकोस’ असं होत नाही, ‘तणतण करून घेऊ नकोस’ असंही होत नाही. आपल्या आज्यांनी व्याकरणाचं पुस्तक न उघडता त्रागा कुठल्या पंगतीला बसवला आहे ते यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट मला या शब्दात फार महत्त्वाची वाटते. रागावरून रागीट होतो, संतापावरून संतापी, चिडण्यावरून चिडका. तापट, शीघ्रकोपी, आक्रस्ताळा हे तर स्वभावच सांगतात. त्राग्यावरून आपल्या रोजच्या बोलण्यात असं विशेषण ऐकू येत नाही. त्रागा घडतो. तो त्या दिवसाचा, त्या प्रसंगाचा असतो. अगदी शांत माणूसही एखाद्या दिवशी त्रागा करतो, आणि म्हणून त्या माणसावर त्याचा शिक्का बसत नाही.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. ती चुकलेली नाही. तिने या शब्दाचं जुनं आणि अंगावर काटा आणणारं रूप सांगितलं.

गुजरात, काठियावाड आणि राजस्थानात भाट आणि चारण या जातींना एक वेगळं स्थान होतं. वंशावळी सांभाळणं, कीर्ती गाणं हे त्यांचं काम. आणि त्यांचं रक्त सांडण्याचं पाप लागलं तर कुळाचं वाटोळं होतं अशी लोकांची पक्की समजूत. या समजुतीमुळे ते जामीन म्हणून उभे राहत. कोणी कर भरायचा शब्द दिला, कोणी कर्ज घेतलं, व्यापाऱ्यांचा तांडा लुटारूंच्या मुलखातून न्यायचा असला, की मध्ये भाट किंवा चारण उभा राही. शब्द पाळला गेला नाही तर तो शब्द मोडणाऱ्यावर हत्यार उगारत नसे. तो स्वतःच्या अंगावर कट्यार चालवी आणि ते रक्त समोरच्याच्या दारात सांडे. प्रसंगी स्वतःचा जीव देई, कधी घरातल्या म्हाताऱ्या आईचा किंवा पोटच्या पोराचाही बळी देई. याला त्रागुं म्हणत. सौराष्ट्रात गावाच्या वेशीवर ‘पाळिया’ नावाचे स्मृतिपाषाण दिसतात, त्यांत असा त्रागा करून मेलेल्या चारणांचेही आहेत.

बडोद्याच्या राज्यकारभाराला ही प्रथा परकी नव्हती. गायकवाडांचं सैन्य काठियावाडात मुलूखगिरीला जाऊन खंडणी वसूल करी. १८०७ साली बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, अलेक्झांडर वॉकर याने गायकवाड सरकार आणि कंपनी यांच्या वतीने तिथल्या संस्थानिकांशी करार करून खंडणीचे आकडे ठरवून टाकले. त्या काळच्या करारमदारांत भाट-चारणांची जामीनकी ही नेहमीची बाब होती. म्हणजे ज्या कागदांवर बडोद्यातले मराठी कारकून मोडीत लिहीत होते, त्यांच्या मागे कोणाच्या तरी स्वतःच्या गळ्याची हमी उभी असे. गुजरातेत न्यायाधीश असलेल्या अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्सच्या १८५६च्या ‘रासमाळा’ ग्रंथात त्राग्याची वर्णनं आहेत. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही ‘त्रागा’ला स्वतंत्र नोंद आहे, आणि तिथे त्याला धरणं धरण्याची पराकाष्ठा म्हटलं आहे.

धरणं आणि त्रागा ही भावंडंच. धरणेकरी ऋणकोच्या दारात उपाशी बसे. त्याच्या उपासाचं पाप घरमालकाला. त्रागा त्याच्या पुढची पायरी. इंग्रजी सरकारला हे दोन्ही इतके खुपत होते की १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ आलं: देवाचा कोप होईल असं दुसऱ्याला भासवून त्याच्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा. त्या कलमाखाली दोन उदाहरणं दिलेली होती. पहिलं, दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसणाऱ्याचं. दुसरं, ‘तू अमुक केलं नाहीस तर मी माझंच मूल मारीन’ अशी धमकी देणाऱ्याचं. त्रागा हा शब्द तिथे नाही, पण दुसरं उदाहरण दुसऱ्या कशाचं असणार? हे कलम आजच्या भारतीय न्याय संहितेतही ३५४ क्रमांकाने आहे.

पुढे दोन भावंडांच्या वाटा वेगळ्या झाल्या. धरणं मोर्च्यात, मामलेदार कचेरीसमोर, मंडपात जाऊन बसलं. त्रागा घरात आला. कट्यार गेली, रक्त गेलं, राहिला तो सरकवलेल्या ताटाचा आवाज. पण आतली रचना तीच राहिली, आणि हे मला सांगावंसं वाटतं ते याचसाठी: मी तुला काही करू शकत नाही, पण माझं वाईट झालेलं तुला बघवणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे. भाटाचा त्रागा चाले तो समोरच्याला त्याच्या रक्ताची भीती होती म्हणून. घरातला त्रागा चालतो तो समोरच्याला आपली माया आहे म्हणून. जिथे कोणाला काही वाटत नाही तिथे माणूस त्रागा करत नाही. तुम्ही बँकेच्या काउंटरवर उपास धरला नाहीत, घरी येऊन धरलात.

एकाचा राग दुसऱ्यावर निघतो त्याला आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो. त्राग्याला त्याहून जवळची म्हण म्हणजे दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापून घेणं. ‘डोक्यात राख घालून घेणे’ हाही याच घरचा वाक्प्रचार; राख शेवटी आपल्याच डोक्यात. फरक एवढा की डोक्यात राख घालणारा घर सोडून निघून जातो, त्रागा करणारा तिथेच थांबतो. त्याला कोणीतरी समजूत काढायला यायला हवं असतं.

कैकेयीची गोष्ट कीर्तनात ऐकली असेल. ती दशरथावर ओरडत नाही. अंगावरचे दागिने काढून फेकते आणि क्रोधागारात नुसत्या जमिनीवर जाऊन पडते. राजा येऊन बघतो तो हे चित्र. आवाज नाही, आदळआपट नाही, आणि तरी रामायणातला त्याहून मोठा त्रागा दाखवता येणार नाही.

आता इतर शब्द. सगळे सारखे समजून एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो.

थयथयाट हा बघणाऱ्याचा शब्द आहे. थयथय हा नाचणाऱ्या पायांचा आवाज. जो हा शब्द वापरतो तो समोरच्याच्या रागाला किंमत देत नाही, त्याच्या पायांकडे बघतो. म्हणून राजकीय बातम्यांत हा फार: अमक्या पक्षाचा थयथयाट. घरातल्या माणसाला तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या सासूबाई थयथयाट म्हणाल्या असत्या तर तुमचं दुखणं मी पूर्ण मान्य केलं असतं.

आकांडतांडव शब्दात ‘अकांड’ म्हणजे अवेळी, प्रसंग नसताना. अवेळी मांडलेलं तांडव. आकांत या शब्दाशी त्याची गाठ पुष्कळजण मारतात, पण शब्दाचा सगळा रोख ‘कारणापेक्षा राग फार मोठा’ यावर आहे. दुधात माशी पडली म्हणून घर डोक्यावर घेतलं तर ते आकांडतांडव. ज्याला खरंच अन्याय सोसावा लागला त्याच्या रागाला हा शब्द लावणं म्हणजे त्याचं कारणच नाकारणं. तक्रारीवरच्या उत्तरात एखादा अधिकारी ‘अर्जदाराने आकांडतांडव केले’ असं लिहितो तेव्हा तो वर्णन करत नसतो, निकाल देत असतो. भाषांतर करताना अशा ठिकाणी मी शब्दाखाली रेघ मारून विचारते: काय केलं ते सांगा. ओरडले? टेबलावर हात आपटला? तेवढंच लिहू.

आदळआपट वस्तूंची असते, भांडी आणि दारं तिची साक्षीदार. तणतण तोंडाने आणि पायाने चालते, माणूस तणतणत जिना उतरतो. धुसफूस आत धुमसते, बाहेर फक्त वाफ येते. आगपाखड निव्वळ शब्दांची. सुपात धान्य पाखडावं तशी आग पाखडायची आणि ती समोरच्याच्या अंगावर. जळफळाटात मत्सर आहे. कांगाव्यात खोटेपणा आहे: स्वतः चूक करून उलट आपल्यावरच अन्याय झाल्याची हाकाटी. त्रागा आणि कांगावा यांत गफलत करणं सगळ्यात वाईट, कारण त्रागा करणाऱ्याचं दुःख खरं असतं.

लहान मुलांचं वेगळं. एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यासाठी पालकांची माहितीपत्रिका मराठीत करायची होती. मूळ मजकुरात ‘टँट्रम’ हा शब्द होता, आणि आधीच्या भाषांतरात सगळीकडे ‘त्रागा’ केलेलं. दोन वर्षांचं मूल दुकानात जमिनीवर पडून हातपाय झाडतं त्याला मराठी आई त्रागा म्हणत नाही. ती म्हणते लोळण घेतली, भोकाड पसरलं, हट्टाला पेटलाय. मी पत्रिकेत ‘हट्ट आणि लोळण’ ठेवलं. मूल चिडून स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतं त्या एका परिच्छेदात मात्र ‘त्रागा’ राहू दिला. तिथे तो शोभत होता.

बडोद्यात या सगळ्यात आणखी एक गुंता असतो. आपण दोन भाषांच्या मधल्या ओसरीत राहतो. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातलं पोर ‘सर माझ्यावर खिजले’ असं बोलून जातं. गुजरातीत ‘खिजावुं’ म्हणजे रागावणं. आपल्याकडे ‘खिजवणं’ म्हणजे दुसऱ्याला डिवचणं. एका अक्षराच्या फरकाने रागावणारा आणि राग आणणारा यांची अदलाबदल होते. गुजरातीत राग या अर्थी ‘रीस’ आहे आणि ‘रिसावुं’ म्हणजे आपलं रुसणं. आणि खुद्द ‘राग’! संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती. अनुरागात तो अजून तसाच आहे. मराठीत तो क्रोध झाला, गुजरातीत गाण्यातला राग राहिला. ज्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सरकारी गायनशाळा निघाली आणि जिथे फैयाज खाँ दरबारी गवई होते, तिथे ‘मला राग येतो’ हे वाक्य मराठी आणि गुजराती कानांवर अगदी वेगळं पडतं.

त्रागा आणि त्रागुं या जोडीत मीच एकदा ठेचकाळले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका घरगुती वादातलं मराठी पत्र गुजरातीत करायचं होतं. सुनेने भावाला लिहिलेलं. त्यात वाक्य होतं, ‘मी त्रागा करून माहेरी निघून आले.’ मी सरळ ‘त्रागुं करीने’ लिहिलं. शब्द जुळा, लिहायला सोपा. ते वाचणारे गुजराती वकील वयस्क होते. त्यांनी त्याचा अर्थ घेतला की या बाईने जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी दिली होती, आणि तसा मुद्दा पुढच्या कागदात आलाही. तिच्या भावाने वाचून दाखवल्यावर माझ्या लक्षात आलं. दुरुस्तीचं पत्र मी त्याच दिवशी दिलं, मुद्दा काढला गेला. पण तेवढे चार-पाच दिवस त्या मुलीवर एक नसलेला आरोप होता, आणि तो माझ्या एका शब्दाने आला होता. आजची तरुण गुजराती मंडळी ‘त्रागां करे छे’ हे नखरे, हट्ट, नाटक या अर्थीही सहज म्हणतात. जुन्या पिढीला आणि कायद्याच्या माणसाला त्यात अजून कट्यार दिसते. म्हणून मराठी ‘त्रागा’ गुजरातीत नेताना मी ‘त्रागुं’ कधीच ठेवत नाही. प्रसंग बघून ‘गुस्सामां’ (रागात), ‘अकळाईने’ (वैतागून), ‘रिसाईने’ (रुसून) यांपैकी एक घेते. उलट दिशेने ‘त्रागुं’ मराठीत आणताना आधी विचारते, धमकी होती की हट्ट? धमकी असेल तर ती स्पष्ट शब्दांत लिहायला हवी, त्राग्याच्या पांघरुणाखाली नाही.

आता एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण इतक्या वर्षांच्या कागदांतून ती सतत समोर आली. त्रागा हा शब्द कोणाला लावला जातो ते बघा. पुरुष संतापतो, बाई त्रागा करते. साहेब चिडतात, शिपाई त्रागा करतो. कर्ता मुलगा आवाज चढवतो, त्याची म्हातारी आई त्रागा करते. यात शब्दाचा दोष नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याला शिक्षा करायचं काही नसतं तो स्वतःला शिक्षा करतो, आणि भाषेने ते अचूक टिपलं आहे. आमच्या वाड्यात माझी आजी महिन्यातून एकदा तरी जेवत नसे. सगळे म्हणत, झाला आजीचा त्रागा सुरू. तिच्या हातात पैसा नव्हता, किल्ल्या नव्हत्या, कुठे जायचं ठरवण्याचा हक्क नव्हता. ताट तेवढं तिचं होतं. मी लहान होते, मला तेव्हा तिचा राग दिसायचा. हा शब्द कागदांत पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला तिचं ताट दिसायला लागलं. म्हणून ‘त्रागा’ लिहिण्याआधी मी बघते की त्या माणसापुढे दुसरा कुठला मार्ग उघडा होता का. उघडा नसेल तर शब्द बरोबर आहे, पण त्याच्या आधी कारण लिहायला हवं.

तर तुमच्या सासूबाईंचं वाक्य. त्या ‘त्रागा करू नकोस’ म्हणाल्या नाहीत, ‘कशाला करून घेतेस’ म्हणाल्या. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यात दटावणी असू शकते, ‘हे बंद कर’ असं. दुसऱ्यात ‘घेतेस’ आहे, म्हणजे जे होतंय ते तुझ्याच जिवाला होतंय हे त्यांना दिसलं होतं आणि बघवत नव्हतं. शिवाय त्या दाराशी आल्या. तरीही तुम्हाला लागलं ते खोटं नाही. बँकेने चार वेळा फेऱ्या मारायला लावल्या हा मुद्दा त्या एका शब्दाने मागे पडला आणि तुमचं न जेवणं पुढे आलं. समजूत काढणाऱ्याने आधी ‘काय झालं गं?’ विचारलं असतं तर तोच शब्द वेगळा ऐकू आला असता. हे त्यांना सांगायला हरकत नाही. तुमच्या पत्रावरून वाटतं की त्या ऐकून घेतील.

नाशिकला हा शब्द ओरडणाऱ्यासाठी वापरतात असं तुम्ही म्हणता, ते नाशिकचंच नाही, सगळीकडे होतं. त्राग्यात पुष्कळदा आवाज असतो, म्हणून आवाज म्हणजेच त्रागा असं वाटू लागतं. त्यातून या शब्दात ‘राग’ ऐकूही येतो. गुजराती ‘त्रागुं’ शेजारी ठेवलं की तो भास जातो. क्रिकेट बघता ना? बाद झालेला फलंदाज बोट दाखवून गोलंदाजाला काही बोलला तर तो राग. तंबूत परतताना त्याने स्वतःचीच बॅट जमिनीवर आपटली, हेल्मेट फेकलं, तर तो त्रागा. बातमीदार ‘त्राग्याने बॅट आपटली’ लिहितात तेव्हा ते अगदी नेमकं असतं.

लिहिण्यातली एक चूक बडोद्यात फार दिसते म्हणून सांगते. ‘त्रागाने’, ‘त्रागामुळे’ असं लिहू नका. धागा, धाग्याने, तसं त्रागा, त्राग्याने, त्राग्यामुळे, त्राग्यातून.

आणि ऑफिसच्या कागदात हा शब्द शक्यतो घालू नका, तुमच्याबद्दलही नाही आणि दुसऱ्याबद्दलही नाही. तो घरातला शब्द आहे. त्याला नात्याची पार्श्वभूमी लागते, ती टिपणीत नसते. ‘ग्राहकाने त्रागा केला’ याऐवजी ‘चौथ्यांदा कागद परत आल्याने ग्राहकाने नाराजी व्यक्त केली आणि अर्ज मागे घेतला’ असं लिहा. बँकेला पाठवायच्या तक्रारीतही तेच करा: चारही वेळच्या तारखा, परत पाठवताना दिलेलं कारण, तुम्ही जोडलेले कागद. तक्रार मराठीत लिहून त्याखाली गुजराती भाषांतर जोडायचं असेल तर तुमच्या त्या मैत्रिणीकडून एकदा वाचून घ्या. तिचा कान चांगला आहे.